क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या लांब वादनांवर चाहत्यांचा इतका जीव का?

पऱ्हाटी (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार. तूर शेंगांवर आली की रोही आणि रानडुकरांच्या भीतीने आमच्याकडे रात्री जागलीला शेतावर जावे लागते. त्या वेळी ऐकायला म्हणून धाकट्या भावाने मोबाइलमध्ये क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचा ‘क्रॉनिकल’ हा १९७६ साली निघालेला २० गाण्यांचा संग्रह भरून दिला, आणि तेव्हापासून या बँडने माझ्या मनात घर केले आहे. त्यातील बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांत आटोपतात आणि त्यांत एकही ओळ जास्तीची वाटत नाही. पण त्याच संग्रहात ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे गाणे तब्बल ११ मिनिटांचे आहे. त्यात शब्द थोडे आणि वाजवणे फार. एरवी मला लांबलचक गिटारवादन ऐकवत नाही, पण हे गाणे संपूच नये असे वाटते आणि संपले की मी ते पुन्हा लावतो.

पुढे शोध घेतल्यावर ‘सूझी क्यू’, ‘कीप ऑन चूगलिन’ आणि ‘ग्रेव्हयार्ड ट्रेन’ ही लांब वादने मिळाली, आणि जुन्या चाहत्यांचा जीव याच वादनांवर जडलेला आहे असे दिसले. त्यांपैकी ‘ग्रेव्हयार्ड ट्रेन’ मात्र कितीदा ऐकूनही मला उमगलेले नाही. साडेआठ मिनिटे काहीच घडत नाही असे वाटत राहते. माझा प्रश्न असा आहे की ज्या बँडची कीर्ती छोट्या गाण्यांवर उभी आहे, त्याच्या लांब वादनांत नेमके असे काय आहे, आणि ती ऐकताना लक्ष कुठे ठेवावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सहावी_तार (दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

प्रश्न मनापासून आवडला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी गिटार वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे माझे ऐकणे त्या बाजूने झुकलेले असेल हे गृहीत धरावे.

सुरुवात ‘सूझी क्यू’पासून करायला हवी. हे गाणे मूळचे डेल हॉकिन्स यांचे, १९५७ सालचे. क्रीडन्समधले चौघे, म्हणजे गायक आणि मुख्य गिटारवादक जॉन फॉगर्टी, साथीच्या गिटारवर त्यांचे थोरले बंधू टॉम, बेसवर (खालच्या सुरांच्या गिटारवर) स्टू कुक आणि ड्रमवर डग क्लिफर्ड, हे कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो या गावचे. ज्या लुईझियानाच्या दलदलीचा वास त्यांच्या संगीताला येतो आणि ज्यामुळे त्यांना स्वॅम्प रॉकचे (स्वॅम्प म्हणजे दलदल) नाव मिळाले, तो मुलूख त्यांच्या घरापासून पार दूर होता. वेगवेगळ्या नावांनी कित्येक वर्षे वाजवूनही त्यांचा जम बसला नव्हता. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर लांब वादने आवडीने लावली जात, आणि आपले गाणे तिथे लागावे म्हणून जॉन यांनी ‘सूझी क्यू’ मुद्दाम साडेआठ मिनिटांपर्यंत वाढवले. १९६८ साली ते पहिल्या अल्बममध्ये आले, त्याचे दोन तुकडे करून ते सिंगलच्या (एका-दोन गाण्यांपुरत्या छोट्या तबकडीच्या) दोन बाजूंवर घालण्यात आले, आणि अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत ते ११ व्या क्रमांकापर्यंत चढले. म्हणजे आपण ज्यांना छोट्या गाण्यांचा बँड म्हणतो, त्यांचे दार पहिल्यांदा उघडले ते लांब वादनाने. जुन्या चाहत्यांच्या प्रेमाचे एक कारण इथे आहे, कारण त्यांच्यातील अनेकांची या बँडशी पहिली ओळख याच गाण्यातून झाली.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच परिसरातील ग्रेटफुल डेडसारखे बँड एकदा वाजवू लागले की सूर नेईल तिकडे जात, आणि त्यांचे रसिक त्या भटकण्यासाठीच येत. क्रीडन्सची रीत वेगळी होती. हे लोक जवळजवळ रोज सरावाला बसत. त्यांच्या सरावाच्या जागेलाच त्यांनी कारखाना म्हटले आणि १९७० च्या अल्बमला तेच नाव दिले, ‘कॉस्मोज फॅक्टरी’. कोणी काय वाजवायचे हे बहुतांशी जॉन ठरवत, आणि कामाच्या वेळी दारू किंवा नशा त्यांना चालत नसे. त्यामुळे लांब वादनातही तिघे आपली जागा सोडत नाहीत आणि एकटा जॉन पुढे जातो. ‘सूझी क्यू’च्या मध्यावर त्यांचा आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा बारीक आणि चपटा होतो, गिटार मधूनच घोंघावते, पण खालचा ठेका तसूभरही हलत नाही. आपण निर्धास्तपणे ऐकू शकतो ते त्या ठेक्याच्या भरवशावर.

‘कीप ऑन चूगलिन’ या १९६९ च्या वादनाचा सारा भार एका ई कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच गटावर आहे. कॉर्ड बदलली की ऐकणाऱ्याला गाणे पुढे सरकल्यासारखे वाटते, आणि बहुतेक गाणी याच सोयीवर चालतात. इथे ती सोय नाही. पुढे जाण्याचे सगळे काम माउथऑर्गनने, गिटारच्या सुराच्या धारेने आणि आवाज चढवण्या-उतरवण्याने करायचे असते, आणि ते किती कठीण आहे हे वाजवणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांतच कळते. माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम हेच वादन देतो. ज्याला एकाच कॉर्डवर पाच मिनिटे कंटाळवाणे न होता वाजवता येते, त्याला ठेक्याची जाण आली असे मी समजतो.

म्हणून ऐकण्याची एक रीत सुचवतो. पहिल्या खेपेला जॉनच्या गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त टॉमची गिटार धरून ठेवा. तो सोलो वाजवत नाही, कुठेही चमकत नाही, तेच ते खरडल्यासारखे वाजवत राहतो. एकदा तो कानाला सापडला की ‘ग्रेपव्हाइन’ची ११ मिनिटे तुम्हाला का पुरेनाशी होतात हे आपोआप उलगडेल.

‘ग्रेव्हयार्ड ट्रेन’बद्दल माझी शंका अशी की तुम्ही ते मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकत असाल. त्या गाण्यात एका भीषण अपघाताची कथा आहे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टू कुकच्या बेसच्या एकाच तुकड्यावर चालते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, म्हणजे गाण्याचा कणाच गायब होतो आणि उरतो तो आवाज आणि माउथऑर्गन. कानात घालायचे बरे हेडफोन लावून एकदा ऐका आणि मग मत बनवा.

ढोलकी_झाडीपट्टी (देसाईगंज, जिल्हा गडचिरोली)

सहावी_तार यांनी गिटारची बाजू मांडली, मी चामड्याच्या बाजूने लिहितो. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र साथीला बसणे हे माझे काम आहे, त्यामुळे डग क्लिफर्ड या माणसाविषयी मला फार आदर आहे.

क्लिफर्ड यांच्या वाजवण्यात कसरत अजिबात नाही. ‘ग्रेपव्हाइन’मध्ये त्यांनी जो ठेका धरला आहे तो शिकायला एक दुपार पुरे, पण तोच ठेका ११ मिनिटे त्याच वजनाने धरून ठेवायला वर्षे जावी लागतात. हात तापला की लय चढते, थकला की बसते, आणि गिटारवाला रंगात आला की आपणही काही करून दाखवावे असा मोह होतो. हा मोह त्यांनी त्या अख्ख्या गाण्यात आवरला आहे. कुठे भर घातली तर ती एखाद्या ठोक्यापुरती, आणि लगेच परत जागेवर. स्टू कुकचा बेस त्या ठोक्याला इतका चिकटून चालतो की दोन वाद्ये वेगळी काढणे जड जाते.

आपल्या वऱ्हाड-झाडीच्या श्रोत्याला हे संगीत लवकर का भिडते याचेही उत्तर मला इथेच दिसते. गावोगावच्या भजनमंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हटली जातात. त्यात एकच ओळ मंडळी घोळवत राहतात, खंजिरीचा ठेका तोच असतो, आणि तरीही दहाव्या आवर्तनाला जी गोडी असते ती पहिल्याला नसते. ज्याचे कान त्यावर तयार झालेले आहेत, त्याला एका कॉर्डवरच्या आठ मिनिटांची भीती वाटण्याचे कारण नाही.

एक विनंती आहे. हे ऐकताना मध्येच पुढे ढकलू नका. मधली तीन मिनिटे गाळून शेवटचा भाग ऐकला तर तो साधा वाटेल, कारण त्याची सारी ताकद आधी साठत आलेली असते.

संत्राबाग (वरुड, जिल्हा अमरावती)

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु लांब असलेले सगळेच चांगले असा सूर निघू नये म्हणून लिहीत आहे. या बँडवर माझे प्रेम फार जुने आहे आणि त्या प्रेमापोटीच सांगतो की १९७० च्या अखेरीस आलेल्या ‘पेंड्युलम’ या अल्बममधील शेवटचे ‘रूड अवेकनिंग नंबर टू’ मला कधीही पूर्ण ऐकवले नाही. सुरुवातीची गिटार सुरेख आहे, पण पुढे नुसते विचित्र आवाज एकमेकांवर रचलेले आहेत आणि खाली ठेका उरलेला नाही. ठेका सुटला की क्रीडन्स क्रीडन्स राहत नाही, हे त्याच गाण्याने मला पटवून दिले. त्याच अल्बमची सुरुवात करणारे ‘पेगन बेबी’ सहा मिनिटांच्या वर आहे आणि ते मात्र चौघांनी समोरासमोर उभे राहून वाजवल्यासारखे जिवंत वाटते.

मात्र ज्या एका वादनाचे नाव अजून कोणी घेतले नाही ते माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ आहे. ‘कॉस्मोज फॅक्टरी’ची सुरुवात ज्याने होते ते ‘रॅम्बल टॅम्बल’ सात मिनिटांचे आहे. सुरुवातीला ते जुन्या रॉक अँड रोलच्या चालीवर भरधाव निघते, एखादे नेहमीचे अडीच मिनिटांचे गाणे असावे तसे. मग अचानक वेग उतरतो, शब्द थांबतात, आणि गिटारचा एक साधा, चार पायऱ्यांनी उतरल्यासारखा तुकडा सुरू होतो. तो तुकडा पुन्हा येतो, पुन्हा येतो, दर खेपेला ड्रम थोडे अधिक जोराने पडतात, गिटारवर गिटार चढत जाते, आणि आता याहून पुढे जाणे शक्य नाही असे वाटत असतानाच सगळे पुन्हा पहिल्या भरधाव चालीवर येऊन पडतात आणि गाणे जिथून निघाले होते तिथे पोचते. यात मोकळे सोडलेले असे काहीच नाही, प्रत्येक वळण आधी बांधलेले आहे, आणि तरीही प्रत्येक वेळी ते वळण येताना माझ्या अंगावर काटा येतो. लांबी म्हणजे पसरटपणा नव्हे हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने दुसरे काही ऐकले नाही तरी चालेल, हे ऐकावे.

पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. हेडफोन लावून ‘ग्रेव्हयार्ड ट्रेन’ ऐकले आणि बेस खरोखरच पहिल्यांदा ऐकू आला. गाणे आता भीतिदायक वाटते, आणि तसेच ते असायला हवे होते असे दिसते. ‘रॅम्बल टॅम्बल’बद्दल संत्राबाग काकांनी लिहिले त्यात मला काही भर घालता येणार नाही. शेवटची एक विचारणा आहे. ही वादने श्रोत्यांसमोर ते कशी वाजवत असत? प्रत्यक्ष कार्यक्रमाची कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत?

सहावी_तार

तीन सांगतो. पहिले अमेरिकेतील वुडस्टॉक या प्रचंड संगीत महोत्सवाचे. ऑगस्ट १९६९ मधील त्या महोत्सवात क्रीडन्सची पाळी ग्रेटफुल डेडनंतर आली, तोवर मध्यरात्र उलटून गेली होती आणि चिखलात बसलेली पुष्कळ मंडळी झोपली होती. अंधारात दूरवर एका माणसाने लायटर पेटवून आपण तुमच्यासोबत आहोत असे ओरडून सांगितले आणि पुढचा कार्यक्रम आपण त्या एकासाठी वाजवला, अशी आठवण जॉन फॉगर्टी सांगतात. आपले वादन त्यांना पसंत पडले नाही, म्हणून त्यांनी ते महोत्सवाच्या चित्रपटात येऊ दिले नाही. संपूर्ण ध्वनिमुद्रण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस ‘कीप ऑन चूगलिन’ आणि ‘सूझी क्यू’ लागोपाठ आहेत, आणि ते ऐकल्यावर जॉन यांचे मत मला तरी मान्य करवत नाही.

दुसरे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे, १४ एप्रिल १९७० चे. ते २०२२ साली बाहेर आले. घेताना जपून घ्या, कारण १९८० साली याच सभागृहाचे नाव लावून निघालेला अल्बम प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कार्यक्रमाचा होता आणि चूक कळल्यावर त्याचे नाव बदलून ‘द कॉन्सर्ट’ असे करण्यात आले. जुन्या नावाच्या प्रती अजून फिरत असतात. वादन दोन्हीकडे उत्तम आहे.

तिसरे म्हणजे १९७३ साली निघालेले ‘लाइव्ह इन युरोप’. हे सर्वांत शेवटी ऐका. ते १९७१ च्या दौऱ्यातले आहे, म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीला टॉम बँड सोडून गेल्यानंतरचे. तिघेच उरलेले आहेत आणि ‘कीप ऑन चूगलिन’ बारा मिनिटांच्या वर चालते. जॉनची गिटार तिथे पूर्वीपेक्षा जास्त मोकळी आहे, पण ती सोलोकडे वळली की खाली फक्त बेस आणि ड्रम राहतात. ज्या गिटारकडे आपण कधी लक्ष दिले नव्हते ती तिथे नाही, हे पहिल्या मिनिटातच कानाला जाणवेल.