मणक्यांचं फ्यूजन (मणके जोडायचं ऑपरेशन): करावं की थांबावं? अनुभव सांगा

आईचं वय ६१. कमरेतला एल-४ मणका खालच्या एल-५ वर पुढे सरकलाय. ओट्यापाशी दहा मिनिटं पोळ्या लाटल्या की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, बसली की उतरतं. भाजीला जाताना वाटेतले सगळे कट्टे तिला पाठ झालेत. एक सर्जन फ्यूजन करा म्हणतात, दुसरे म्हणतात तीन महिने व्यायाम करून बघा. ज्यांनी करून घेतलं, ज्यांनी नाही म्हटलं, ज्यांनी घरच्यांचं केलं, सगळ्यांनी लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलांची नावं नकोत.

नाशिक, शिक्षिका, वय ५४

माझं होऊन चार वर्षं झाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्रास कमरेत जास्त की पायात?" मी म्हटलं पायात. ते म्हणाले, पायाच्या कळेला गुण येण्याची शक्यता चांगली आहे, नुसत्या कंबरदुखीसाठी मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. मग पुढे वाकून आणि मागे झुकून असे दोन एक्स-रे काढले. मणका जागचा हलतोय हे मला स्वतःला दिसलं, तेव्हाच माझं मन तयार झालं. आईचे असे एक्स-रे काढलेत का, हे आधी बघा.

चार स्क्रू, दोन सळ्या, दोन मणक्यांमधल्या गादीच्या जागी केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, आणि त्यात माझ्याच हाडाचा चुरा. लोकांना वाटतं स्क्रू लावले की मणका जुळला. स्क्रू नुसते धरून ठेवतात. जुळायचं ते हाड जुळतं आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं.

शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ गेली होती, पण पाठ अशी दुखत होती की रडू आलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. कूस बदलताना खांदा, कंबर, गुडघे एकदम वळवायचे, हे नर्सबाईंनी दहा वेळा करून घेतलं. घरी कमोडवर उंच सीट आधीच बसवून घ्या, ऑपरेशननंतर धावपळ होते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून सांडशी खाली पडली. वाकायची मनाई, घरात कुणी नाही. तिच्याकडे बघत उभी राहिले आणि समोर दूध उतू गेलं. त्या संध्याकाळी मुलाने लांब दांड्याचा चिमटा आणला. तो अजून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

सांगली, वय ४६

मला सर्जननी तारीखच दिली नाही. आधी तंबाखू सोडा म्हणाले, निकोटिनमुळे हाड जुळत नाही. राग आला होता. पण पुडी सोडली, दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. वर्षाने सीटी स्कॅनमध्ये हाड धरलेलं दिसलं. पाय मोकळा झाला. कंबर मात्र पोतं उचललं की अजून बोलते, म्हणून आता पोती उचलत नाही.

पुणे, आयटी, वय ४१

मी केलं नाही. गादी सरकून शीर दबली होती आणि एका ठिकाणी थेट फ्यूजन सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मणका हलत नाही, पायाची ताकद शाबूत आहे हे तपासून थांबायला सांगितलं. रिपोर्टमधला 'डिजनरेशन' (झीज) शब्द वाचून मी झोपलो नव्हतो. तो न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या रिपोर्टमध्येही असतो, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. चार महिने नेमाने फिजिओ केली, कळ गेली. पण तुमच्या आईंचं दुखणं वेगळं दिसतंय, माझ्यावरून ठरवू नका.

कोल्हापूर, पत्नी लिहितेय

एवढंच सांगते. ह्यांची लघवी अडली आणि बसायच्या जागी बधिरपणा आला. आम्ही मलम लावत एक रात्र घालवली. असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा. शीर मोकळी केली, चालतात, पण तिथली संवेदना पूर्ण आली नाही. ती रात्र माझ्या मनातून जात नाही.

ठाणे, वय ६७

अकरा वर्षं छान गेली. आता जोडलेल्या भागाच्या वरच्या मणक्यावर ताण आलाय. पुन्हा ऑपरेशन सुचवलंय, तूर्त पाण्यात चालतो आणि वजन कमी करतोय. तरी पहिल्याचा पश्चात्ताप नाही. ती अकरा वर्षं मी नातवंडांना शाळेत सोडलं.

धागा काढणारी

सगळं आईला वाचून दाखवलं. असे एक्स-रे काढलेले नाहीत, सोमवारी काढतोय. आई नाशिकच्या ताईंना विचारतेय, नंतर उभ्याने पोळ्या लाटता येतात का?

नाशिक

येतात, काकू. मला पाचव्या महिन्यात जमलं. आधी चारच लाटायचे, मग खुर्चीत बसायचे, मग उरलेल्या.