डावखुऱ्याचा गोल्फ सेट मुंबईहून हुआ हिनला न्यायचाय, मोडतोड न होता कसा पोचवायचा?

डावखुरा_बावधनकर

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं थायलंडला, हुआ हिनला गोल्फ खेळायला चाललोय. मुंबई ते बँकॉक विमान आणि पुढे रस्त्याने. बाकी तिघं म्हणतात तिकडे भाड्याने सेट मिळतात, तू उगाच लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतोस. त्यांचं बरंय, ते उजवे आहेत. मी डावखुरा. तिकडच्या दोन कोर्सना मेल टाकला तर एकाचं उत्तर आलं की लेफ्टी सेट आहे पण आधीच कोणी घेतला असेल तर मिळणार नाही, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. एवढा खर्च करून जायचं आणि तिथे कुणाच्या तरी जुन्या आयर्नने (लोखंडी हेडच्या क्लबने, म्हणजे काठीने) माती उकरत बसायचं हे काही पटत नाही, म्हणून स्वतःचाच सेट न्यायचं ठरवलंय.

भीती एकच, ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब फटका मारायच्या क्लबची. ग्राफाइट शाफ्ट (दांडा) आहे, गेल्या दिवाळीत घेतलाय आणि खरी किंमत घरी अजून कळलेली नाही. हार्ड केस घ्यावी की जाड कापडाचं कव्हर चालेल? विमान कंपनी वेगळे पैसे लावते का? आणि समजा काही मोडलंच तर कोणाच्या नावाने शंख करायचा?

बंकरबुवा

पैशांचं आधी सांगतो कारण लोक तिथेच फसतात. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे. काही कंपन्या गोल्फ बॅग तुमच्या नेहमीच्या चेक-इन वजनातच धरतात, काही स्पोर्ट्स इक्विपमेंट म्हणून वेगळं बिल लावतात. ते तिकीट काढतानाच किंवा आधी ऑनलाइन भरलं तर स्वस्त पडतं, काउंटरवर गेलात की मग ते सांगतील तो आकडा. केबिनमध्ये क्लब नेता येत नाहीत, पटरसुद्धा (बॉल भोकात ढकलायचा क्लब) नाही, तेव्हा तो विचार डोक्यातून काढून टाका.

वजनाचा हिशोब करून बघा. चौदा क्लब साधारण साडेपाच ते सहा किलो, हलकी स्टँड बॅग दोन-अडीच, वरचं कव्हर तीन-चार, शूज एक किलो, डझनभर बॉल अर्धा किलो. म्हणजे तेरा-चौदाला गाडी थांबते. हार्ड केस घेतलीत की नुसती रिकामीच पाच-सहा किलोच्या वर जाते, आणि वीस किलोच्या तिकिटात मग कपडे काय अंगावर घालून नेणार सगळे?

आता ड्रायव्हर. आजकालच्या बहुतेक ड्रायव्हरचं हेड स्क्रूवर असतं, सोबत छोटा पाना मिळतो. स्लीव्हवर (शाफ्टच्या टोकाच्या कॉलरवर) लॉफ्टचं, म्हणजे हेडच्या कलाचं सेटिंग कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मग हेड काढा, हेडकव्हर घाला आणि मऊ कपड्यात गुंडाळून सुटकेसमध्ये मधोमध ठेवा. फेअरवे वूडचं (ड्रायव्हरखालचे लांब क्लब, थ्री वूड वगैरे) निघत असेल तर तेही काढा. शाफ्ट उलटा करून म्हणजे ग्रिप (मूठ) वर ठेवून बॅगेत टाका. ड्रायव्हर मोडतो तो बहुतेक वेळा मानेशी, जिथे शाफ्ट हेडमध्ये शिरतो आणि ती काळी प्लॅस्टिकची रिंग असते ना, अगदी तिथे, कारण बॅग हेडांच्या बाजूने आपटली की हेड एकीकडे जायला बघतं आणि शाफ्ट दुसरीकडे. हेडच तिथे नसेल तर मोडायचं काय? आणि हो, पाना हॅन्डबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतील आणि मग हुआ हिनमध्ये बसाल पाना शोधत.

डावखुरा_बावधनकर

बुवा, हेड निघतं माझ्या ड्रायव्हरचं, पण थ्री वूड जुना आहे, त्याचं चिकटवलेलंच आहे. त्याचं काय करू?

बंकरबुवा

त्याच्यासाठी काठी. बाजारात स्टिफ आर्म नावाने मिळते, ॲल्युमिनियमची, उंची कमीजास्त करता येते आणि वरती टी आकाराचा रुंद भाग असतो. ती बॅगेत मधोमध उभी करायची, सगळ्यात लांब क्लबापेक्षा दोन-तीन इंच उंच. बॅग उलटी पडली तर मार काठी खाते. ड्रायव्हर काढलेला असेल तर आता सगळ्यात लांब तुमचा थ्री वूडच राहतो, उंची त्याच्या हिशोबाने लावा. काठी मिळाली नाही तर जाड झाडूचा दांडा मापाने कापून वर टेनिस बॉल खिळवून लावलेलाही पाहिलाय मी, दिसायला भिकार पण काम करतो.

मग सगळी हेडं एकत्र धरून वेलक्रोच्या पट्ट्याने बांधा, मध्ये मध्ये टॉवेल आणि मोजे कोंबा. एकही आयर्न हातात धरून हलवला तर खडखडायला नको.

रॅम्पवरचा_माणूस

मी बरीच वर्षं बॅगेज लोडिंगला होतो, आता सोडलं. दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

फ्रॅजाइल स्टिकरवर फार विसंबू नका. रात्री तीन वाजता चाळीस मिनिटांत अख्खं विमान भरायचं असतं तेव्हा स्टिकर कोणी वाचत बसत नाही. मोठ्या विमानात बॅगा कंटेनरमध्ये जातात, पण 737सारख्या छोट्या विमानात सगळं हाताने भरतात, आत माणूस गुडघ्यांवर बसलेला असतो आणि बॅग त्याच्याकडे ढकलली जाते. गोल्फ बॅग लांब म्हणून ती खाली आडवी आणि तिच्यावर सुटकेसांची चळत. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टींपासून जपायचंय, टोकावर आपटणं आणि वरून दाब. काठी पहिल्यासाठी आहे. दाबासाठी बॅग आतून गच्च भरलेली पाहिजे, पोकळ बॅग दबते.

दुसरं म्हणजे पट्टे. खांद्याचा पट्टा, लटकणारे बंद, स्टँडचे पाय, हे सगळं आत घेऊन बांधा. बेल्टच्या वळणावर लोंबणारा पट्टा अडकला की बेल्ट ओढतो आणि बॅग फाटते, मग आतला माल वाटेत सांडत जातो. पावसाळ्यात तर बॅगा ट्रॉलीवर उघड्यावर उभ्या असतात, तेव्हा आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला.

काउंटरवर टॅग लागला की बऱ्याचदा तुम्हालाच ओव्हरसाइजच्या काउंटरला पाठवतात, त्याला वेळ लागतो, नेहमीपेक्षा तास-पाऊण तास आधी पोचा. आणि उतरल्यावर साध्या बेल्टपाशी वाट बघत बसू नका, लांब सामान बऱ्याच ठिकाणी बाजूच्या दारातून येतं. लोक बेल्टवर शेवटची बॅग येईपर्यंत उभे आणि गोल्फ बॅग तिकडे कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली असते, हे रोजचं.

बॅगेचे सगळे कप्पे रिकामे करून बघा. गोल्फ बॅगेत काय काय सापडतं ते विचारू नका. लायटर, पॉवर बँक, चार महिन्यांपूर्वीचं सँडविच. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असतात, चेक-इनमध्ये सापडल्या तर स्क्रीनिंगला बॅग अडकते आणि तुम्ही गेटवर असताना तुमच्या नावाची घोषणा होते. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) तसाही महागाचा, तो हातातच घ्या.

जर्सीतली_मावशी

आमच्याकडे अमेरिकेत हे प्रकरण बरंच सोपं आहे. बहुतेक मोठ्या एअरलाइन्स गोल्फ बॅग साधी चेक-इन बॅग धरतात, पन्नास पौंडांच्या आत असली की झालं. आमचे हे दरवर्षी मित्रांबरोबर मर्टल बीचला जातात, तेव्हा कधीकधी सेट कुरिअरनेच पाठवून देतात, नुसतं गोल्फ क्लब पोचवणाऱ्या कंपन्याच आहेत इथे, घरून उचलतात आणि थेट कोर्सवर नेऊन ठेवतात. पण देशाबाहेर कुरिअर करायच्या फंदात पडू नका हो, कस्टम्सचे कागद, मधे अडकलं तर तुम्ही तिकडे आणि सेट कुठल्यातरी गोदामात.

बंकरबुवांच्या हार्ड केसच्या मताशी मात्र मी सहमत नाही. सुटकेसांची चळत अंगावर घ्यायची म्हणताय ना, मग कडक कवचच बरं. आमच्याकडे सॉफ्ट कव्हरमध्ये सेव्हन वूड मोडून आला, हार्ड केस घेतल्यापासून ओरखडासुद्धा नाही. वजन जास्त हे खरं. पण इथे गाडी मोठी असते आणि तिथून कोर्सवर सरळ जायचं, त्यामुळे आम्हाला चालतं.

सुखुमवितवासी

मावशींनी गाडीचा विषय काढला तो बरोबर, कारण बँकॉकला खरी अडचण विमानतळाबाहेर सुरू होते. मी इथे नोकरीला आहे आणि पाहुणे आले की गोल्फ बॅगा कोंबायचं काम माझ्याकडेच येतं. इथल्या कितीतरी टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, साधी सुटकेस कशीबशी बसते, गोल्फ बॅग नाही. चौघं आणि चार बॅगा असतील तर व्हॅनच बुक करा, आधीच, आणि "चार माणसं, चार गोल्फ बॅगा, चार सुटकेस" असं स्पष्ट लिहून पाठवा. मोठी कम्युटर व्हॅन मिळते, मागची सीट मोकळी ठेवायला सांगा. तुमचे बाकी तिघं भाड्याचे सेट घेणार असतील तर लहान गाडीतही भागेल. हार्ड केस इथे नको असं माझं मत, ती घडी होत नाही, हॉटेलच्या खोलीत पलंगाशेजारी प्रेतासारखी पडून राहते. मऊ कव्हर गुंडाळून कपाटात टाकता येतं.

बँकॉकहून हुआ हिन दोनशे किलोमीटरच्या आसपास, तीन तास धरा, शुक्रवारी संध्याकाळी तर धरूच नका. पोचल्याच्या दिवशी टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशीही सकाळचा नको, दुपारचा घ्या. बॅग मागे राहिली तर पुढच्या विमानाने येईपर्यंत तेवढी फट हाताशी असते.

आणखी दोन गोष्टी. इथल्या बहुतेक कोर्सवर कॅडी (बॅग सांभाळणारी मदतनीस) घ्यावीच लागते, राउंड संपला की ती क्लब पुसून मोजून दाखवते, तुम्हीही मोजा, वेज (छोट्या फटक्याचा क्लब) हिरवळीच्या कडेला विसरायची आपल्याला सवय असते. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला हुआ हिनला पाऊस असतो, परत निघताना ओली बॅग तशीच कव्हरात बंद करू नका, घरी उघडल्यावर ग्रिपला बुरशीचा वास येतो. कोणी वेप ओढत असेल तर ते भारतातच ठेवा, इथे बंदी आहे.

जमलं तर रॉयल हुआ हिनला एक राउंड खेळा, 1924 सालचा कोर्स, रेल्वे स्टेशनला लागूनच आहे.

कागदपत्र_काका

डावखुरेसाहेब, शंख कोणाच्या नावाने करायचा हे तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

भारत आणि थायलंड दोन्ही देश 1999च्या मॉन्ट्रियल करारात आहेत. चेक-इन सामान मोडलं, हरवलं किंवा उशिरा आलं तर विमान कंपनीची जबाबदारी ठरलेली आहे. डिसेंबर 2024पासून तिची कमाल मर्यादा प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे रुपयांत अंदाजे पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, दर बदलतो. ही वरची मर्यादा आहे, मोडलेल्या ड्रायव्हरची किंमत सिद्ध करायचं काम तुमचं. सेट त्यापेक्षा महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून वेगळे पैसे भरायची सोय करारात आहे, काउंटरवरच्या मुलीला कदाचित माहीत नसेल, सुपरवायझरला बोलवा.

मोडतोडीची तक्रार बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी गेली पाहिजे. सात दिवस वाचून निवांत राहू नका. विमानतळाबाहेर पडायच्या आधी, तिथेच बॅग उघडा, क्लब बघा, आणि काही मोडलेलं दिसलं तर बॅगेज काउंटरला पीआयआर (सामानाच्या तक्रारीची नोंद) लिहून घ्या, त्याचा नंबर घ्या. तीन तास व्हॅनमधून फिरून हॉटेलवर उघडलीत तर कंपनी हमखास म्हणणार की तुमच्या व्हॅनवाल्याने आपटली असेल. माझ्या भाच्याला एका कंपनीने अगदी हेच ऐकवलं आणि चार महिने मेलांवर खेळवलं.

चेक-इन करताना ते कधी एक छोट्या अक्षरांचा टॅग सहीसाठी पुढे करतात, लिमिटेड रिलीजचा. त्यात सामान नीट पॅक नव्हतं वगैरेवर खूण असते. वाचून सही करा, आणि आधी बॅगेचे उघडी आणि बंद असे फोटो काढून ठेवा. बिलांचे फोटो मोबाइलमध्ये. घरी किंमत कळायला नको म्हणून बिल फाडून टाकलं असेल तर अवघड आहे बुवा.

ट्रॅव्हल इन्शुरन्सवर भरवसा ठेवण्याआधी पॉलिसी वाचा. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी चेक-इन बॅग पूर्ण हरवली तर पैसे देतात, नुसती मोडली तर नाही, आणि एका वस्तूमागे मर्यादा असते ती वेगळीच.

शेवटचं कस्टम्सचं. सेट नवा कोरा दिसत असेल तर मुंबईहून निघतानाच कस्टम्सच्या टेबलावर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. येताना "हे तिकडून विकत आणलं का" असा प्रश्न आला की तो कागद दाखवायचा. पण बॅग चेक-इनला देण्याआधी, कारण त्यांना वस्तू बघायची असते.

डावखुरा_बावधनकर

सगळ्यांचे आभार, एवढं डिटेल मिळेल असं वाटलं नव्हतं. मऊ कव्हर आणि काठी घेतोय, व्हॅनचं मित्रावर ढकललंय. काका, बिल आहे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. एकच शंका राहिली, परत जोडल्यावर हेड नीट बसलंय हे कसं कळणार, ढिलं राहिलं तर पहिल्याच टीवरून बॉलच्या पुढे हेड जायचं.

बंकरबुवा

पान्याचा कट्ट असा आवाज येईपर्यंत फिरवायचा, आला की थांबायचं, त्यापुढे जोर लावला तर स्क्रूचे आटे जातात. फोटो बघून सेटिंग जुळवा. मग सरावाच्या रेंजवर पाच-सहा बॉल मारून परत एकदा पाना लावून बघा.