ससून, जेजे आणि अफूचा पैसा: दानाने नाव धुऊन निघतं का?

मृण्मयी_प:
वडिलांसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात अकरा दिवस काढले. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जीव तोडून केलं. रात्री बाकड्यावर बसून वाचत होते, ज्याच्या देणगीतून हे रुग्णालय झालं तो डेव्हिड ससून कोण? बगदादहून मुंबईत आलेला व्यापारी. कापसाबरोबर चीनला अफू पाठवणारं घराणं. मुंबईत जमशेटजी जीजीभाई तेच करत होते, माळव्याची अफू. 1842 मध्ये पहिलं अफूयुद्ध संपलं आणि त्याच वर्षी जमशेटजी 'सर' झाले. त्यांच्या देणगीतून 1845 मध्ये त्यांच्याच नावाचं जेजे (जमशेटजी जीजीभाई) रुग्णालय उघडलं, 1857 मध्ये कलाशाळा. आज 'जेजे' म्हटलं की अफू कुणाला आठवते? नाव राहिलं, पैसा कुठून आला ते पुसलं गेलं. मला हे खटकतं.

जुना_गिरगावकर:
ताई, बाबांना बरं वाटतंय ना? आता मुद्दा. आजची फूटपट्टी तेव्हा लावू नका. त्या काळी मुंबईचे बडे पारशी, गुजराती, मारवाडी सगळेच अफूत होते आणि कंपनी सरकार त्यावर महसूल घेत होतं. जमशेटजींसारखा पोरका मुलगा, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातून वर आलेला, पैसा शहरात ओततो, यात डाव कसला? माहीमच्या खाडीत नावा उलटून माणसं बुडायची. त्यांच्या पत्नी लेडी अवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये देऊन बांध बांधवला आणि अट घातली, जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. नुसतं नावच हवं असतं तर पुतळा पुरला असता.

मृण्मयी_प:
बरे आहेत, दादा. अवाबाईंची अट मलाही मोठी वाटते. पण 'तेव्हा चालायचं' हे फक्त आपल्या किनाऱ्यावरचं झालं. चीनमध्ये अफूवर बंदी होती. तिथे चोरवाटेने माल उतरायचा, हे इथल्या व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. घरं तिकडची बसली, पाट्या इकडे लागल्या.

सदाशिव_न:
यात जुनंपुराणं काही नाही. अमेरिकेतलं सॅकलर घराणं बघा. त्यांच्या पर्ड्यू फार्माने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी आणली आणि व्यसनाचा धोका कमी सांगून खपवली. त्याच काळात मोठमोठ्या संग्रहालयांच्या दालनांवर त्यांचं नाव झळकत होतं. छायाचित्रकार नॅन गोल्डिन स्वतः त्या गोळीच्या व्यसनातून उठल्या आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात सॅकलर दालनातल्या पाण्यात गोळ्यांच्या बाटल्या फेकून निदर्शनं केली. 2019 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने नाव उतरवलं, 2021 मध्ये मेटने. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. तोच खर्च पुढे मालकाच्या उदारपणाची जाहिरात होतो. ज्याची कायद्याने सक्ती आहे त्याला दान म्हणायचं?

जुना_गिरगावकर:
सक्तीला दान म्हणू नये, हे मान्य. पण पाटी उतरवून कुठला रुग्ण बरा झाला? उद्या ससूनचं नाव बदललं तर खाट वाढणार आहे का?

मृण्मयी_प:
नाव उतरवा असं मी म्हणतच नाही. त्याच पाटीखाली दोन ओळी लिहा: हा पैसा कापूस आणि अफूच्या व्यापारातून आला, ती अफू चीनला जात होती. माझे बाबा तिथेच बरे झाले, त्यांनाही ते वाचता यावं.

जुना_गिरगावकर:
लिहा. पण मग माहीमच्या बांधावर टोलमाफीची अटही लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.