पडद्याच्या ऑपरेशनबरोबरच मोतीबिंदूही काढावा का?

सांजवारा
आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. तिचं वय ६४. समोरच्या माणसाचं नाकच दिसत नाही, म्हणायची. विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातली जेली काढून पडद्यावर करायचं ऑपरेशन, ठरली. मोतीबिंदू 'अजून कोवळा आहे, नंतर बघू' म्हणून तसाच ठेवला. छिद्र दाबून धरायला डोळ्यात गॅसचा फुगा, तो जागेवर राहावा म्हणून दिवसचे दिवस मान खाली. छिद्र बुजलं, ती पुन्हा वाचायला लागली आणि वर्षाच्या आत त्याच डोळ्यापुढे धुकं! मोतीबिंदू पिकला होता. पुन्हा तपासण्या, पुन्हा भूल, पुन्हा महिनाभर थेंब.

नंतर वाचून कळलं की हे होणारच होतं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढला की भिंगापाशी प्राणवायू वाढतो आणि भिंग भराभर गढूळ होतं. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन लागतंच. मग माणसाला दोनदा टेबलावर कशाला घ्यायचं? पन्नाशीपुढे दोन्ही एकदम व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

दुर्बीण
मी डोळ्यांची सर्जन आहे. तुमच्या आईंचा त्रास समजतो, पण सरसकट नियम मला मान्य नाही. मोतीबिंदू काढून बसवायच्या भिंगाचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून काढतात. पडदा सुटून मधला भागही उचलला गेला असेल, तर लांबी खरीपेक्षा कमी भरू शकते. मोजमाप १ मिलिमीटरनं चुकलं तर नंबर अडीच-तीननं चुकतो. त्यात गॅसचा फुगा नवं भिंग पुढे ढकलतो, म्हणजे आणखी थोडा मायनस. पडदा बसल्यावर सावकाश मोजून केलेलं काम नेमकं होतं.

दुसरं म्हणजे सूज. दोन ऑपरेशनं एका दिवशी झाली की डोळ्याच्या पुढच्या भागात चिकट जाळी धरू शकते, बुबुळ भिंगाला चिकटू शकतं. मधुमेहात हे जास्त.

तिरीप
+१. माझा पडदा ४१ व्या वर्षी सुटला. भिंग स्वच्छ होतं, तरी 'पुढे काढावंच लागेल, आत्ताच काढू' असा सल्ला मिळाला. मी नाही म्हटलं. आपलं भिंग जवळ-लांब स्वतः जुळवून घेतं, बसवलेलं साधं भिंग ते करत नाही. चार वर्षं झाली, त्या डोळ्यानं अजून चष्म्याशिवाय वाचतो. ही चार वर्षं मला कुणी परत दिली नसती.

सांजवारा
तिरीप, म्हणून तर पन्नाशीची अट घातली. चाळिशीतलं स्वच्छ भिंग काढा असं मी म्हणणार नाही.

दुर्बीण, छिद्राच्या रुग्णात पडदा जागेवरच असतो ना? मग लांबी चुकायचं कारण काय? आणि नंतरचं ऑपरेशन तरी कुठे सोपं? आईच्या वेळी सर्जननी सांगितलं की आतली जेली नसल्यानं भिंगाला मागून आधार नाही, ऑपरेशन करताना ते आत खोल जातं, मध्येच वर येतं. पहिल्या वेळी हे टळलं असतं.

दुर्बीण
छिद्राबाबत तुमचं बरोबर आहे. साठीपुढे, छिद्र किंवा पडद्यावरची झिल्ली असेल आणि भिंगात थोडीही गढुळी असेल, तर मीही दोन्ही एकदम करते. भिंग नसलं की कडेपर्यंतची जेली निर्धास्त साफ करता येते, भिंगाला अवजार लागायची भीती राहत नाही. पण सुटलेला पडदा, वाढलेला मधुमेह, याआधी डोळा सुजल्याचा इतिहास, इथे मी थांबते. जेली काढलेल्या डोळ्यात मोतीबिंदू काढणं अवघड असतं, पण सवयीच्या हाताला जमतं. चिकटलेलं बुबुळ आणि चुकलेला नंबर निस्तरणं जास्त जड जातं.

पारंबी
बाबांना मधुमेह, डोळ्यात रक्त साचलेलं आणि मोतीबिंदू इतका पिकलेला की सर्जनला त्यातून पडदाच दिसेना. मग वाद कसला? दोन्ही एकदम केलं. दुर्बीण म्हणतात तशी जाळी धरली, आठवडाभर डोळा लाल आणि दुखरा, तासातासाला थेंब. मी रात्री गजर लावून उठत होते. पण सूज उतरली आणि आता ते एकटे चालतात. तो एक आठवडा मी पुन्हा काढीन.

एक मात्र सांगते, भिंग साधंच घ्या. पडदा दुखावलेल्या डोळ्यात मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं भिंग, बसवू नये, असं आम्हाला बजावलं होतं.

सांजवारा
पारंबी, तुम्हाला जाळी धरेल हे आधी सांगितलं होतं का?

पारंबी
हो, कागदावर लिहून. म्हणून घाबरले नाही.

सांजवारा
आईला मोतीबिंदू वाढेल हे कुणीच सांगितलं नाही. धुकं आलं तेव्हा तिला वाटलं, छिद्र परत उघडलं. तपासणीची तारीख येईपर्यंत ती कुणाला न सांगता पुन्हा मान खाली घालून बसायची.

दुर्बीण
हे सांगायलाच हवं होतं. संमतीपत्रावर सही घेतानाच.