खिद्रापूर गेममध्ये आलंय का? सल्ला हवाय

मंडळी, मी कोल्हापुरात कॉलेजला आहे. पुढच्या महिन्यात वर्गात 'गेममधली ठिकाणं आणि खरा इतिहास' यावर बोलायचंय. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' खेळताना मला सारखं खिद्रापूर आठवतं. म्हणून रविवारी मुद्दाम कोपेश्वराला जाऊन आले. स्वर्गमंडपात मधल्या गोल शिळेपाशी थांबले. डोक्यावर छताला गोल झरोका, भोवतीनं खांब, आणि उन्हाचा कवडसा शिळेवरून हळूहळू सरकत होता. अंगावर काटा आला! बनवणाऱ्यांनी हे देऊळ पाहिलं असेल, असं वर्गात म्हणू का? आणखी कुठले गेम घेऊ?

प्रतिसाद १
लई भारी विषय घेतलाय ताई. पण तसं म्हणू नका. त्या गेममध्ये कर्नाटकातल्या होयसळ राजांचं, त्यांच्या देवळांच्या बेलूर-हळेबीडूचं नाव सरळ घेतलंय, मूळ तिथंच आहे. तरी तुम्हाला खिद्रापूर आठवलं ते उगीच नाही. कोपेश्वर बांधणारे कोल्हापूरचे शिलाहार राजे काय नि होयसळ काय, दोघंही आधी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. देवळं बांधायची रीत त्याच घरातली. हळेबीडूला अगदी खालच्या थरात हत्तींची रांग आहे, आपल्या कोपेश्वरालाही हत्ती आहेतच. तेव्हा नुसत्या हत्तींवरून काही सिद्ध होत नाही. फरक दगडात बघा. होयसळांचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून मूर्तीच्या गळ्यातला मणी न् मणी सुटा कोरता आला. आपल्याकडं काळा बेसॉल्ट, छिन्नीला दाद न देणारा. त्यात एवढं काम केलंय, हे वर्गात आवर्जून सांगा.

प्रतिसाद २
'घोस्ट ऑफ त्सुशिमा' घ्याच. 1274 मध्ये मंगोल त्सुशिमा बेटावर उतरले, तेव्हा कोमोदाच्या किनाऱ्यावर 80 घोडेस्वार त्यांना सामोरे गेले असं सांगतात. गेमची सुरुवात त्याच किनाऱ्यावर, 80 सामुराईंनिशी होते. पण नायक हायकू रचतो, ती मात्र कित्येक शतकांनंतरची. काय खरं, काय मागाहून जोडलेलं, हे एकाच गेममध्ये दाखवता येईल. आणि पुण्यात बनलेला 'राजी' (2020) विसरू नका. त्यातले महाल राजस्थानी आहेत, चित्रांवर पहाडी शैलीची छाप आहे.

धागाकर्ती
खूप आभार दादा, दोघांचेही. आता बोलणं चालुक्यांपासूनच सुरू करते. येत्या रविवारी परत खिद्रापूरला चाललेय, हत्तींचे जवळून फोटो काढायला. हळेबीडूच्या खालच्या थराचे फोटो कुणाकडं असतील तर इथं टाका, दोन्ही शेजारी शेजारी लावेन.