मदत हवी आहे : ६० ला हँडल थरथरतं, ८० च्या वर गाडी मागून डुलते

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला. गाडी १५० सीसी, २०१५ चं मॉडेल, अ‍ॅलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा लगेच कुठली कंपनी भारी त्या वादात जाईल.

त्रास असा की ६०-६५ ला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि हँडलवरची पकड जरा सैल झाली, म्हणजे समजा एका हाताने हेल्मेटची काच वर करायला गेलो, की ५० पर्यंत येईतो हँडल डावी-उजवीकडे फडफडायला लागतं, घट्ट धरलं की बंद. एवढंच असतं तर चालवून घेतलं असतं पण आता हायवेला ८० च्या वर, आणि खास करून मिसेस मागे आणि दोन्ही बाजूला बॅगा असल्या, की गाडी मागून डुलते, शेजारून कंटेनर गेला की जास्तच. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा सोडला की खाली उतरताना ते एस वळण आहे ना, तिथे गाडी झुकवली की मागचं चाक वेगळ्याच विचारात असल्यासारखं वाटतं. मिसेसने ह्यापुढे हायवेला बसणार नाही असं जाहीर केलंय.

आतापर्यंत केलेलं काम : पुढच्या शॉकअपचं ऑइल आणि सील बदलले, पुढचा टायर नवीन टाकला (रस्त्यावरच्या दुकानात), हवा पुढे २५ मागे २८. एका मेकॅनिकने चेसिस वाकलीय म्हणून सांगितलं, दुसरा म्हणतो जुनी गाडी आहे, चालायचंच. गणपतीला उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचंय, डबल सीट. काय काय तपासू आणि कुठल्या क्रमाने? गाडी कधी पडलेली नाही.

पाना नंबर १४ :
विका. 😀

घाटमाथा :
विका काय विका, माणूस मदत मागतोय. दादा, थरथर मागून सुरू होते का पुढून एवढं आधी सांगा. आणि टॉप बॉक्स आहे का?

धागाकर्ता :
६० ची थरथर फक्त हँडलला, सीटला काही जाणवत नाही. ८० ची मात्र कमरेत जाणवते, हँडल तेव्हा बऱ्यापैकी शांत असतं. टॉप बॉक्स नाही, बॅगा आहेत.

जुना गॅरेजवाला :
मग उत्तर तुम्हीच दिलंत. हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जायचे नाहीत. पहिल्यात फक्त पुढचं चाक-हँडल हलतं, भरभर, सेकंदाला पाच-सात वेळा तरी. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी वळवळते, सावकाश, सेकंदाला दोन-तीन वेळा. चेसिस वाकली म्हणणाऱ्याला विचारा कशाने मोजली. न पडलेल्या गाडीत चेसिस हे शेवटचं कारण असतं, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच पहिलं सांगतात कारण मग पुढे काही शोधावं लागत नाही.

पुढचं बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे कॅरियरवर दाबून बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. आता हँडलला एक बोट लावून अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये आल्यावर खाचेत बसल्यासारखं टक्कन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. गाडी ९५ टक्के वेळ सरळ चालते त्यामुळे त्यातले छर्रे एकाच जागी असतात, खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच जागी बसतो आणि वाटीला बारीक खळगे पडतात. नंतर खाली बसून दोन्ही शॉकअपचे पाय चाकाच्या नटापाशी धरून पुढे-मागे ओढा, कट्कट् लागलं तर कोनसेट ढिला आहे. पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवून बघतात त्यावर विसंबू नका, ब्रेक पॅडचा खेळही तसाच लागतो आणि मग भलतंच काहीतरी उघडलं जातं.

मागचं बघा. एका हाताने चिमटा (मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं तो, स्विंगआर्म) धरा, दुसऱ्याने चाक, आणि आडवं हलवा. चाक हललं पण चिमटा नाही, तर चाकाचं बेअरिंग. चिमट्यासकट हललं तर चिमट्याचे बुश (तो ज्यावर वर-खाली फिरतो त्या नळ्या). सिंगल शॉकअप असेल तर त्याची लिंक पण बघा. चेन टाइट करताना चिमट्यावरच्या खुणा जुळवतात, त्या खुणांवर जाऊ नका, टेप घेऊन चिमट्याच्या बोल्टाच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा.

घाटमाथा :
मागचा टायर कुठला, किती जुना? कडेला DOT च्या पुढे चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि तळहात आडवा फिरवून बघा, हायवेला जास्त चाललेला टायर मधून सपाट होतो, मग झुकवताना त्या कडेवरून उतरावं लागतं आणि मागचं चाक ऐकत नाही असं वाटतं. तुमचं एस वळणाचं वर्णन वाचून मला आधी हेच आठवलं. हवा डबल सीटला वेगळी असते, चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो, तो आकडा टाका, आमचा तुमचा अंदाज नको. बॅगा मागे लोंबकळत असतील तर पुढे आणि खाली बांधा.

नवखा स्वार :
मला पण सेम प्रॉब्लेम आहे, पण हात सोडून चेक केलं तर काही होत नाही

जुना गॅरेजवाला :
अहो हात सोडून चेक नका करू कोणी! आणि कधी चालत्या गाडीत हँडल फडफडायला लागलंच तर हात ताठ करून आवळू नका, कचकन ब्रेक मारू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, जरा पुढे वाका आणि अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा.

धागाकर्ते, नवीन टायरची एक गोष्ट राहिली. रिमच्या कडेला लागून टायरवर बारीक उठावाची रेघ असते. चाक फिरवून बघा, ती रेघ सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, नाहीतर टायर रिमवर नीट बसलेला नाही.

धागाकर्ता :
आज रविवार सत्कारणी लागला. चुलतभाऊ मागे बसवून सगळं बघितलं.
खाच आहे! हँडल मध्ये आणलं की आपोआप बसतं, बोटाला स्पष्ट कळतं. पुढच्या टायरची रेघ एका ठिकाणी साधारण चार बोटं लांबीत रिमच्या आत गडप झालीय, बाकी सगळीकडे व्यवस्थित दिसते. चिमटा आडवा हलतो, फार नाही पण चाकासकट हलतो. मागचा टायर २०१८ चा, मधून सपाट. टेपने दोन्ही बाजू सारख्या आल्या.
मेकॅनिक म्हणतो कोनसेट बदलायची गरज नाही, नट एक आटा आवळून देतो. चालेल का?

जुना गॅरेजवाला :
नाही. खळगे पडलेला कोनसेट आवळला की खाच आणखी घट्ट लागते, मग हळू स्पीडला पण गाडी सरळ राहत नाही, सारखी सुधारत बसावं लागतं. वरच्या-खालच्या वाट्या, छर्रे, सगळा सेट नवीन. टेपर रोलरवाला (छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेला) मिळाला तर टिकतो जास्त, पण उंची जुळते का ते आधी बघून घ्या. आणि बसवल्यावर काहीशे किलोमीटरने परत तपासा, नवीन सेट बसताना थोडा ढिला पडतो.

पण आधी टायर. फुकटचं काम आहे. हवा पूर्ण सोडून कडेला साबणाचं पाणी लावून परत भरायला सांगा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर न जाता. मग एक चक्कर मारा. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

धागाकर्ता :
टायरचं काम झालं, रेघ आता गोल दिसते. ६० ची थरथर निम्म्यावर आली पण गेली नाही. कोनसेट मागवलाय. मागचा टायर पण घेतोय, मिसेसनेच मंजुरी दिली.
चिमट्याचा बोल्ट मात्र जाम बसलाय, नट निघाला, बोल्ट हलत नाही. हातोडीने ठोकू का?

घाटमाथा :
थेट बोल्टावर नको, आटे पसरले की नट परत चढणार नाही. नट उलटा दोन-तीन आटे चढवून त्यावर लाकूड ठेवून ठोका. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आज नाही निघाला तर उद्या निघेल.

पाना नंबर १४ :
आणि काढलाच आहे तर बसवताना ग्रीस भरा. कंपनीतून येताना तिथे नावालाच असतं.