आठवीतला मुलगा, बुद्ध्यांक 104, तरी लिहिता येत नाही. पुढची तपासणी कोणती?

शाळेतली ताई, सिंहगड रोड
वय 13. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी. विज्ञान तोंडी छान सांगतो, पेपरात अर्धं पान कोरं. पालकांनी बुद्ध्यांक काढून आणला आणि 'म्हणजे आळशीच' असं ठरवून टाकलं. आता काय सांगू? दहावीच्या सवलतींचं कधी बघायचं?

चाचणीवाला
ताई, नुसत्या 104 वरून काहीच ठरत नाही. चाचणीतल्या वेगवेगळ्या भागांचे गुण मागून घ्या. शाब्दिक आकलन 118 आणि कामाचा वेग 84 असेल, तर सरासरीला अर्थ उरत नाही. तीच चाचणी लगेच दुसरीकडे करून घेऊ नका, सरावाने गुण फुगतात. साधारण वर्ष जाऊ द्या. आणि आधी कान-डोळे तपासा. शाळेतल्या लांबच्या तक्त्यावर जवळचं वाचताना होणारा त्रास कळत नाही.

विशेष शिक्षिका, कोथरूड
खरी गरज शैक्षणिक चाचणीची आहे, म्हणजे वाचन-लेखन-गणित कुठे आहे ते बघणारी, आणि तीही दोन्ही भाषांत. फक्त इंग्रजीत घेतली तर इंग्रजी कच्चं आहे की अध्ययन अक्षमता, (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात अडणं), हे सुटं होत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच ('बॅटरी') सहसा वापरतात. 'डाली' ही वाचनातल्या अडचणीची चाचणी मराठीत आहे, पण ती पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी, इथे उपयोगाची नाही.

वर्गात एवढं करून बघा: अनोळखी मराठी उतारा मोठ्याने वाचायला द्या. 'कर्म'चं 'क्रम' होतं का? मग 'टिमळ', 'गोर्पा' असले निरर्थक शब्द द्या. तिथे अंदाजाने वाचता येत नाही. शेवटी एकच परिच्छेद एकदा बघून उतरवायला आणि एकदा श्रुतलेखनाला. उतरवलेलं बरोबर आणि श्रुतलेखन चुकलेलं, तर घोळ आवाज-अक्षराच्या जोडणीत. दोन्हीत हात रेंगाळत असेल, तर लिहिण्याच्या क्रियेत. वह्या जपून ठेवा, तपासणाऱ्याला अहवालाइतक्याच कामाच्या.

चाचणीवाला
माध्यम बदलण्याआधीच्या, म्हणजे तिसरी-चौथीच्या वह्याही शोधा. अडचण तेव्हाही दिसत असेल तर माध्यमाला दोष देता येत नाही.

बोर्डाची कामं बघणारा
खासगी अहवालावर शिकवण्याची दिशा ठरते, सवलतीला अध्ययन अक्षमतेचा सरकारी दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, मग ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी. तारखा लांबतात, म्हणून नववी सुरू होतानाच लागा. दाखल्यावरची मुदत वाचा, ती दहावीची परीक्षा होण्याआधी संपायला नको. शाळेने प्रस्ताव पुणे विभागीय मंडळाकडे पाठवायचा. जादा वेळ तासाला 20 मिनिटं, गरजेप्रमाणे लेखनिक. पण मजकूर सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. विरामचिन्हं, आकृतीतली नावं, 'इथे परिच्छेद मोड' हे बोलायची सवय नसेल, तर लेखनिक असूनही पेपर अपुरा राहतो. नववीच्या घटक चाचण्यांतच सराव करून घ्या.